पाण्याकडे तोंड

शिरोड्याच्या मिठागरावर मी कारकून होतो, तेव्हा खाडीचं पाणी आत घेणाऱ्या चराच्या दारावर तो कामाला होता. बोलताना माणसाकडे कधी बघायचा नाही. नजर दाराकडे आणि पाठ आपल्याकडे. "पाण्याक पाठ दाखवची नाय," एवढंच म्हणायचा. मला तो उर्मट वाटे.

एकदा भरतीचं पाणी आत घेताना त्याची बायको मिठाच्या टोपलीसकट दाराबाहेर, खाडीच्या बाजूला चरात घसरली. पाणी तिला उघड्या दाराकडे ओढू लागलं. आम्ही सगळे तिच्याकडे धावलो आणि हा तिच्याकडे पाठ करून दाराकडे पळाला.

"अरे, बायल बुडता तुझी!" मी किंचाळलो. तोंडाला आली ती शिवी दिली.

त्याने दाराची फळी धाडकन खाली सोडली. ओढ थांबली, आणि ती आमच्या हाताला लागली.

तो मात्र फळी दोन्ही हातांनी दाबून बसलेलाच. कुणाचं ऐकेना. शेवटी तीच ओलीचिंब उठून गेली आणि त्याचं एकेक बोट सोडवू लागली.

"सोडा आता. मी हंयच आसंय."

तेव्हा तो वळला. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा मी प्रथमच समोरून पाहिला. बघवला नाही.