पाठीची गरज कोणाला नसते?

"पाठीतल्या त्या स्नायूची तशी फार गरज नसते," डॉक्टर म्हणाले, आणि मी लगेच सावध झाले.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. भिसेगावात राहून मी ज्या पत्रकांचे गठ्ठे वाटत फिरते, त्यातली निम्मी याच वाक्याविरुद्ध आहेत. आता मूल नको ना, मग पिशवीची काय गरज, असं सांगून बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात. गरज नाही हे ठरवणारा टेबलाच्या पलीकडे बसतो आणि काढून घेतलं जातं ते अलीकडच्या बाईचं.

या खेपेला अलीकडे माझी कडावची आत्या होती. तिच्या स्तनातली गाठ छातीच्या पिंजऱ्याला चिकटली होती. स्तन काढायचा आणि बरोबर बरगड्यांचा तुकडाही. राहिलेलं भोक नुसती कातडी ओढून शिवता येत नाही, कारण आत फुप्फुस असतं. म्हणून पाठीचं मांस कातडीसकट सोडवायचं, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून बगलेखालून पुढे आणायचं आणि भोकावर बसवायचं. त्याला फ्लॅप म्हणतात. गाठ काढणं भागच होतं, त्याबद्दल माझा वाद नव्हता. माझा संशय या पाठीवर होता. सोपं कोणाला, आत्याला की त्यांना?

मी विचारलंही तसंच. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि हीच पद्धत जास्त भरवशाची असल्याचं सांगितलं. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला.

"डाक्टर, माज्याकडं दोन म्हशी हायती. त्यांचं पाणी मी इहिरीतून शेंदते. आता सांगा, गरज हाय का नाय?"

आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिनं हवेतला दोर खेचून दाखवला.

डॉक्टर उठले, तिच्या मागे गेले, पाठीवर हात ठेवून तिला पुन्हा खेचायला लावलं. मग कबूल केलं, खेचण्याचं काम तोच स्नायू करतो. बाकीचे स्नायू हळूहळू भार उचलतात, पण दोर जड जाईल. दुसरी वाट पोटाची. पोटाचा एक उभा स्नायू आणि बेंबीखालची कातडी वर वळवायची. त्यात पोटाची भिंत कमजोर होते, हर्निया होऊ शकतो, वजन उचलणं बंद.

हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही काम काय करता, ते विचारायचं राहिलं," ते म्हणाले. राहिलं!

माझं समाधान झालं नाही. मी आत्याला शिळफाट्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनीही त्याच दोन वाटा सांगितल्या. परतीच्या टेंपोत मी दोन्हींचे धोके पुन्हा समजावायला लागले, तर आत्या म्हणाली, "गप गं. तो डाक्टर माजी पाठ ठरवतो, तू पोट ठरव. माज्याकडं काय ठेवलंस?"

मी धोके मोजणं थांबवलं.

तिनं पोट दिलं. पाठ चालती हाय, पोटाची तीन पोरांनी आधीच मोडतोड केलीय, असं डॉक्टरांना ऐकवून.

आता ती विहिरीवर उभी राहून दोर खेचते, कमरेला पट्टा बांधून, लहान बादलीनं. भरलेली घागर तिचा शेजारी राहणारा भाऊ, म्हणजे माझा बाप उचलतो, कुरकुरत. एकदा तिनं पदर सारून मला छाती दाखवली. शिवणीच्या आत पोटाची कातडी, बाळंतपणाच्या रेघांसकट.

"ही धाकट्याची," एका रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली. "पोटात असताना लाथा मारायचा, आता छातीवर बसलाय."

मी हसले, पण माझा संशय गेलेला नाही. दोर खेचून न दाखवणाऱ्या बायकांचं काय होतं? नवं पत्रक काढते आहे. मथळा आत्यानंच सांगितला: "आदी इचारा, बाई काम काय करते."