डावा कोपरा

उल्हास गेला तेव्हा आम्ही सगळे फार चांगले वागलो, आणि त्याचंच मला आजवर वाईट वाटतं.

२०१४ च्या ऑक्टोबरातला शेवटचा मंगळवार होता. जर्मनीत ब्राउनश्वाइगला कंपनीच्या बसची वाट बघत तो थांब्यावर उभा होता. छातीत दुखतंय म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. वय सेहेचाळीस. मागे शोभनावहिनी, पंधरा वर्षांची निधी आणि ‘कृष्णाकाठ’ नावाचा एक फुटबॉल संघ. हा संघ कुठल्याच मैदानावर नव्हता, तो फक्त आमच्या फोनमध्ये होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. आम्ही आठ मराठी इंजिनीअर, कुणी गिअरबॉक्सवाला, कुणी ब्रेकवाला. ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाने आम्हाला हा नाद लावला. अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. ते रविवारी तिकडे जे दिवे लावतील त्याचे गुण इकडे आपल्याला. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी गाठ. पंधरा खेळाडूंतले नऊ खेळवायचे, बाकीचे बाकावर. आक्रमणाला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, पळणारे आणि झेलणारे असे एकेक निवडायचे. बचावाला मात्र कुठल्या तरी शहराच्या संघाची अख्खी बचावफळी उचलायची. रविवारी संध्याकाळी सातला सामने सुरू झाले की याद्या बंद. ओकर नदीच्या काठी राहतो म्हणून आमची ती ओकर लीग. घरच्या बायका तिला भातुकली म्हणायच्या, आणि त्यात फारसं खोटं काही नव्हतं.

या भातुकलीत उल्हास सहा वर्षं आम्हाला धूळ चारत होता. आम्ही एक्सेलमध्ये सरासऱ्या काढत बसायचो आणि तो सांगलीचा माणूस शनिवारी चौकटीच्या वहीत एक पान लिहायचा. डावीकडे ‘चढाई’, उजवीकडे ‘बचाव’, सगळी भाषा कबड्डीची. खेळाडूंना नावंही त्याने स्वतःची ठेवली होती. दर आठवड्याला न चुकता दहा-अकरा गुण आणून देणारा तो ‘पोस्टमन’. एखाद्या रविवारी तीस गुण करून पुढचे तीन रविवार तोंड न दाखवणारा तो ‘पाहुणा’. आपण वरचढ असलो तर पोस्टमनला खेळवायचं, कमजोर असलो तर पाहुण्यावर डाव लावायचा, हा त्याचा चढाईचा नियम. बचावाचा नियम त्याहून पक्का होता. आपली बचावफळी किती तगडी हे बघायचं नाही, तिच्यासमोर कोण धडपडणार आहे ते बघायचं. त्यामुळे त्याची बचावफळी दर आठवड्याला बदलायची आणि आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडायचो.

शोभनावहिनी मला माहीत होत्या त्या चहाच्या ट्रेमागच्या. २००३ साली नवऱ्याच्या मागोमाग आल्या. जर्मन शिकल्या, पण बोलताना नवऱ्याकडे बघून बोलायच्या. निधी त्यांना जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि त्या मराठीत पुढचा प्रश्न विचारायच्या, असा त्या घरातला संवाद. बैठकीच्या खोलीत त्यांच्या कॉलेजातला एक फोटो होता, सात-आठ मुली आणि मध्ये एक ढाल. अकरा वर्षं त्या फोटोखालच्या सोफ्यावर बसून मी त्यांच्या हातचे पोहे खाल्ले. तो फोटो कसला, हे एकदाही विचारलं नाही. असा मी माणूस.

तर उल्हास गेला आणि आमच्या चांगुलपणाला पूर आला. लीगमधल्या सत्यजितने विम्याचं बघितलं, कपिलने घरमालकाचं. विधवेची पेन्शन, आरोग्य विमा, बँक, असली बेहोर्डेची, म्हणजे कचेऱ्यांची, सगळी कामं मी घेतली. त्यासाठी वहिनींची सही घेऊन फोलमाख्ट करून घेतलं. फोलमाख्ट म्हणजे त्यांच्या वतीने मी सगळं करू शकेन असं अधिकारपत्र. त्यांनी विचारलं, “भावजी, मीच गेले तर नाही चालणार?” मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?” त्यांनी सही केली. थोरले दीर राजाभाऊ सांगलीहून आले होते. तेराव्यानंतर अस्थी आणि अस्थींचे कागद घेऊन परत निघताना विमानतळावर ते वहिनींना म्हणाले, “मार्चपर्यंत आवर इथलं. एकटीने नाही निभायचं तुला परदेशात.” माझ्याकडे बघून म्हणाले, “काय कुमार?” मी मान डोलावली. वहिनींना कुणी विचारलं नाही. इतक्या दिवसांत त्या रडल्याही नव्हत्या, आणि आम्ही त्याला धीर म्हणत होतो.

मधल्या तीन रविवारी कृष्णाकाठ बेवारशी खेळला आणि तिन्ही हरला. मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. “ह्यांचा संघ मी चालवला तर लीगच्या नियमात बसतं का?”

मला वाटलं, बिचाऱ्या. मन रमवायला काहीतरी हवं असेल. हो म्हणालो, आणि त्याच दिवशी बाकीच्या सहा जणांना मेसेज टाकला: वहिनींना जिंकू द्यायचं. ही कल्पना माझी होती, ते इथे नाव घालून लिहितो. पहिल्या रविवारी सत्यजितने आपला सगळ्यात चांगला पळणारा बाकावर बसवला. दुसऱ्या रविवारी कपिलने दोन दुखापतवाले खेळवले. वहिनी दोन्ही जिंकल्या. कपिलने त्यांना फोन करून अभिनंदनसुद्धा केलं, आणि ‘अगदी उल्हासची आठवण झाली’ असं म्हणाला. ते ऐकून मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

तिसरी गाठ माझ्याशी. सात डिसेंबर, नाताळाआधीचा दुसरा अ‍ॅडव्हेंट रविवार. जिंकेल तो बाद फेरीत जाणार होता. माझा क्वार्टरबॅक त्या वर्षी तुफान फॉर्ममध्ये होता. पाच वाजता मी त्याला खाली बसवला आणि त्याच्या जागी खांद्याला लागून महिनाभर घरी बसलेला एक जण टाकला. म्हणजे तिथून शून्य गुण नक्की. मग मसाल्याची ग्ल्यूवाइन गरम करून घेतली आणि स्वतःवर खूश होऊन बसलो.

सातला वीस मिनिटं असताना फोन वाजला.

“कुमारभावजी, तुमचा क्वार्टरबॅक बाकावर का आहे?”

“अं... या आठवड्यात त्याचा काही भरवसा वाटेना वहिनी.”

“आणि जो घरी झोपलाय त्याचा वाटला?”

मी ग्ल्यूवाइनचा पेला खाली ठेवला.

“आठवडाभर मी तुमच्या संघाचा विचार करतेय,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “निधीने सगळ्या बातम्या वाचून दाखवल्या. तुमची सगळी चढाई त्या एका माणसावर उभी आहे. म्हणून मी बुधवारी आपली बचावफळी सोडून दिली आणि आज त्याच्यासमोर खेळणारी उचलली. तो जितका पडेल तितके तुमचे कमी आणि माझे जास्त. आणि आत्ता बघते तर तुम्ही त्यालाच उठवलाय! मी पकड कुणाची करायची, भावजी?”

“वहिनी, अहो, आम्हाला वाटलं...”

“आम्हाला म्हणजे?”

इतक्या वर्षांत खोटं बोलायची सवय आहे मला, पण त्या वेळी जीभ उचलली नाही.

“सत्यजितभावजी? कपिलभावजी?”

“हो.”

फोनवर मागून निधीचा आवाज आला, “मामा, नोख त्सेन मिनूटन!” ती आईलाच जर्मनमध्ये ‘मामा’ म्हणते; याद्या बंद व्हायला दहाच मिनिटं उरली होती.

“पेन्शनचा कागद भरायचा, तुम्ही भरलात. बँकेत तुम्ही गेलात. मार्चमध्ये कुठे राहायचं तेही विमानतळावर तुम्ही दोघांनी माना डोलावून ठरवलंत,” वहिनी म्हणाल्या. “हा एक खेळ मी मागून घेतला होता. एवढ्यात तरी माझ्याशी खेळा. हरवायचं असेल तर हरवा. पण खेळा.”

त्यांनी फोन ठेवला. पहिल्यांदा मला रागच आला, हेही सांगून टाकतो. कोणासाठी एवढं करावं आणि वर हे ऐकावं! मग राग ओसरला आणि नुसती लाज उरली. सातला चार मिनिटं असताना मी माझा क्वार्टरबॅक परत वर घेतला. नऊच्या नऊ जागा तपासल्या. उल्हाससमोर खेळताना लावायचो तसा, दात-ओठ खाऊन संघ लावला.

तो सामना मी विसरणार नाही. वहिनींच्या बचावफळीने माझ्या क्वार्टरबॅकला पाच वेळा चेंडूसकट आडवा केला. दोनदा त्याचा चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि त्यातला एक थेट गोलरेषेपार पळवत नेला. एवढ्या एका निवडीने त्यांनी पंचवीस गुण काढले आणि माझी चढाई निम्म्यावर आणली. उल्हासने सहा वर्षांत मला इतकं सोललं नव्हतं. तरी शेवटी मी जिंकलो. एकशे सात विरुद्ध एकशे चार. माझा संघ कागदावर वरचढ म्हणून त्यांनी वहीतल्या नियमाप्रमाणे पोस्टमनला बसवून पाहुण्याला खेळवलं होतं, आणि पाहुण्याने दीड गुण केला. बाकावरच्या पोस्टमनने अकरा केले होते.

आठवड्यातला एक सामना सोमवारी रात्री असतो, पण त्यात आमच्यापैकी कुणाचाच खेळाडू नव्हता, म्हणजे निकाल ठरलाच होता. सोमवारी संध्याकाळी पाचला वहिनी ट्रामने एकट्या माझ्या घरी आल्या. हातात ती चौकटीची वही. मी चहा टाकायला उठलो तर म्हणाल्या, “बसा. आधी सांगा, काल खरं खेळलात?”

“खरं खेळलो.”

“निधीची शपथ?”

“निधीची शपथ. आणि वहिनी, तुमचा बचाव... उल्हासला जमला नसता असा.”

त्या म्हणाल्या, “बचाव ह्यांना कधीच जमायचा नाही. उजवीकडची बाजू माझी असायची. शनिवारी मी पोळ्या करायचे आणि हे वही घेऊन ओट्यापाशी उभे राहायचे. मी सांगायचे, हे लिहायचे. कॉलेजात मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचे, भावजी. चढाई करणारा कुठल्या पायावर वळतो ते बघायचं आणि घोटा धरायचा. आपल्या अंगात किती जोर आहे त्याच्याशी काही संबंध नसतो. तो ढालीचा फोटो त्याच वर्षीचा.”

सहा वर्षं आम्ही उल्हासच्या डोक्याला सलाम ठोकत होतो.

त्यांनी वही उघडली. मागच्या दोन रविवारची पानं काढली आणि दोन्हींवर शांतपणे काट मारली. मग कालचं पान काढलं. वर चढाई, बचाव, सगळं उल्हासच्या पद्धतीने. खाली मात्र त्यांच्या गोल अक्षरात, माझ्यासमोर, त्यांनी लिहिलं: हरले. १०४–१०७. पाहुण्याला खेळवलं, चूक माझी.

“चूक माझीच ना?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच,” मी म्हणालो. “पोस्टमन खेळवला असतात तर मी मेलो होतो.”

“गेनाऊ. बरोबर,” त्या म्हणाल्या, आणि ‘चूक माझी’ या शब्दांवर बोट ठेवून रडायला लागल्या. सहा आठवड्यांचं रडणं होतं ते. मी पाणी आणून ठेवलं आणि पहिल्यांदाच काही मदत न करता समोर बसून राहिलो.

रडून झाल्यावर त्यांनी पदराने नाही, पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं. “ती पेन्शनची फाइल द्या. आणि फोलमाख्ट.”

मी आतून दोन्ही आणून दिलं. उद्या साडेनऊला पेन्शनच्या कचेरीत त्यांचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आहे, त्यांनी स्वतः फोन करून घेतलाय, असं त्यांनी सांगितलं. बरोबर येऊ का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

दारात बूट चढवताना त्यांनी विचारलं, “पुढच्या वर्षी लीग कधी सुरू होते?”

“सप्टेंबरात.”

“मग राजाभाऊंना तसं कळवते,” वहिनी म्हणाल्या, आणि वही काखेत मारून जिना उतरल्या.