काळजाचे भाषांतर

माझा थोरला भाऊ होळीनंतर पाचव्या दिवशी अकोल्यात वारला. अमेरिकेत लढाई चालू होती आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आजार यकृताचा होता. पहिले तीन महिने त्याला औषध हृदयाचे दिले गेले. त्याला कारण मी लिहिलेला एक शब्द.

मी अमरावतीच्या एका दवाखान्यात मदतनीस होतो. रोगी सांगेल ते इंग्रजीत करून वहीत लिहायचे, हे माझे काम. दुपारनंतर साहेब डॉक्टरांचे संशोधन चाले. दवाखान्यात मेलेल्या बेवारशांची यकृते ते दारूत ठेवून घट्ट करीत, वस्तऱ्याने कागदाहून पातळ काप काढीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कर्करोगाची गाठ शरीरात दुसरीकडून येते की यकृताच्याच पेशी बिघडून होते, हे त्यांना ठरवायचे होते. बरण्या मी धूत असे. बरणीतल्या वस्तूला आम्ही सगळे काळीजच म्हणत होतो. खाटीकही तेच म्हणतो.

भाऊ कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याहून अमरावतीला येई. दिवाळीनंतरच्या एका फेरीत तो दवाखान्यात आला.

"काळीज दुखून राह्यलं," तो म्हणाला.

घरचे माणूस काळीज म्हणाले की आपण छातीतले समजतो. मी 'हार्ट' लिहिले. त्याचा हात उजव्या बरगडीखाली होता. मी वहीकडे पाहत होतो. रांग मोठी होती. साहेबांनी वही वाचली, छातीला लाकडी नळी लावली आणि हृदयाचे थेंब लिहून दिले.

माघात त्याचे डोळे पिवळे झाले. साहेबांनी पोट दाबून पाहिले आणि मला विचारले, पहिल्या दिवशी दुखणे सांगताना याचा हात कुठे होता? मी सांगितले.

बरगडीखाली गाठ लागत होती. भावाला ते कळले तेव्हा तो हसला. "कापसाच्या साऱ्या गाठी मुंबईले गेल्या, अन् एक माह्याच पोटात राह्यली का बे?"

आत पू असेल तर तो काढता येईल आणि माणूस वाचेल, नसेल तर उपाय नाही, असे साहेबांनी मला एकट्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरगडीखाली पोकळ सुई घातली. मी भावाचे खांदे धरले होते. पू आला नाही. सुईत मोहरीएवढा मांसाचा कण आला. साहेबांनी तो काचेवर पसरला, पाहिला आणि मला पाहू दिले. निरोगी यकृताच्या पेशी मी वर्षभर पाहत होतो. त्या फरशीसारख्या एकीला एक लागून बसतात आणि बहुतेकींत एकच ठिपका असतो. या सुट्या होत्या, लहानमोठ्या. एकीत तीन ठिपके होते. साहेब त्यांचे चित्र काढायला बसले.

दिवाळीला कळले असते तर, असे मी विचारले.

"तेव्हाही हेच दिसले असते," साहेब म्हणाले. "गाठ लहान असती."

मधल्या तीन महिन्यांत भावाने एकही फेरी चुकवली नव्हती.

तो बाहेर पडवीत बसला होता. "काहून रे, काय दिसलं त्या भिंगातून?"

"पू नाही, दादा."

"मंग बरंच झालं ना."

मी हो म्हणालो.

त्याला मी अकोल्याला पोहोचवले. शेवटचे बारा दिवस त्याने अन्न घेतले नाही. साहेबांनी माझ्याजवळ तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली होती: मृत्यूनंतर यकृत काढून पाठवावे, सुईतल्या कणाने प्रश्न सुटत नाही, अख्खी गाठ पाहिली पाहिजे. भाऊ गेला त्या सकाळी मी वहिनीला विचारले. ती त्याच्या उशाशी बसली होती.

"भाऊजी, जितेपणी त्यायचं काळीज तुमाले सापडलं नाही," ती म्हणाली. "आता काढून नेता?"

चिठ्ठी मी दिली नाही. दुपारी मोर्णा नदीच्या काठी त्याला अग्नी दिला. देह उघडला गेला नव्हता.