आधीचं हसू

चांगली खुर्ची कोणीही करेल, वेळेवर मोडणारी खुर्ची करून दाखवा, असं सुतारबाबा म्हणायचे. टीव्हीवरच्या त्या विनोदी नाटुकल्यासाठी त्यांनी तशीच केली होती. मागचा पाय चिकटवलाच नव्हता. नुसता खुंटीवर उभा. तोऱ्यात आलेले मोठे साहेब मागे रेलले की पाय निघणार आणि साहेब आडवे! ही गंमत फोडायची नाही, असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. पण बाबांच्या पोटात काही राहील तर शपथ. घरी जाऊन बायकोला सांगून मोकळे.

झालं! चित्रीकरणाला बायको प्रेक्षकांत बसलेली. साहेब नुसते खुर्चीकडे वळले आणि ती खळखळून हसली. बाकी सगळे चिडीचूप. दिग्दर्शकाने बाबांना चांगलंच फैलावर घेतलं, पण खुर्ची तर मोडून बसली होती, दुसरी केलेलीच नव्हती. चित्रीकरणात ते हसू तसंच राहिलं.

पुढे वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी ते नाटुकलं दाखवायची प्रथाच पडली. घरोघरी लोक संवाद पाठ म्हणत. या घरात मात्र वाट असायची ती त्या हसण्याची. ते आलं की बाबा लटक्या रागाने म्हणायचे, "अगं, अजून मोडली कुठे?"

"मला माहीत होतं ना!" ती म्हणायची.

यंदा ती नव्हती. आणि यंदाच वाहिनीने जाहीर केलं, की जुन्या आवाजातली खरखर, खोकले, सगळं काढून नाटुकलं नवंकोरं दाखवणार. म्हणजे ते हसूही जाणार. घरात तिचे फोटो चिक्कार होते, आवाज तेवढाच एक.

शेवटच्या संध्याकाळी सुनेने दिवे मालवले. टीव्हीचा निळसर उजेड भिंतींवर हलत होता. बाबांचे डोळे जड झाले. कुठूनसा ताज्या भुशाचा वास आला. शेजारी कोणी पाय वर घेऊन बसल्यासारखं वाटलं, अगदी ऊब लागेल इतकं जवळ. "झोपू नका हं, आता येईलच," ती म्हणाली.

साहेब आले. मिशी पिळली. खुर्चीकडे वळले.

टीव्हीत शांतता. धुऊन पुसून काढलेली. तिचं हसू नव्हतंच.

आणि कोणीतरी खळखळून हसलं. बाबाच! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

दर वर्षी ऐकलेलं वाक्य सुनेच्या तोंडून आपसूक निघालं. "अहो बाबा, अजून मोडली कुठे?"

"मला माहीत होतं ना!" बाबा म्हणाले.

साहेब आत्ता कुठे रेलत होते.