बांधावरचं वारूळ
ओल्या वारुळाच्या मातीचा वास आला की मला गिरणा नदीकाठच्या आमच्या केळीच्या शेतातली ती संध्याकाळ आठवते. ठिबकच्या नळ्या टाकायच्या म्हणून बांधावरचं वारूळ मी फोडलं, तर आत पांढरी अंडी निघाली. "सापाची!" म्हणत मी फावडं उचललं. आमचे म्हातारे सालदार ओरडले, "थांब भाऊ, दखू दे!" मी थांबलो नाही; अंडी ठेचून दूर फेकून दिली. संध्याकाळी तिथं एक मोठी घोरपड आली. दुभंगलेली जीभ आत-बाहेर करत तिनं ती जागा हुंगली, नखांनी खोल उकरली. "तिनाच अंडा व्हतात, भाऊ," सालदार हळूच म्हणाले. मग तिनं तो रिकामा खड्डा मातीनं बुजवला, तोंडानं दाबून घट्ट केला आणि निघून गेली. बांधाच्या तेवढ्या तुकड्याला मी अजून फावडं लावलेलं नाही. तिथं काही नाही, हे मला ठाऊक आहे.