कानातलं कुसळ
स्पिरिटचा वास आला की मला कुरुळीच्या भाड्याच्या खोलीतला आमचा कुत्रा आठवतो. स्वभावानं गरीब, पण त्या हिवाळ्यात एकाएकी बिथरला. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की अंगावर यायचा. शिफ्टवरून आलेल्या माझ्या नवऱ्याला तो कडकडून चावला, तेव्हा घरमालकीण म्हणाली, "लांब सोडून या त्याला. बिघडलाय त्यो." नवऱ्यालाही ते पटलं, पण मी हट्टानं जनावरांच्या डॉक्टरबाईंना घरी बोलावलं. त्या लांबूनच बराच वेळ बघत राहिल्या. "मान सारखी कलती ठेवतोय. रागीट नाही हो तो, कान दुखतोय त्याचा. तुम्ही नुसत्या शेजारी बसा, हात लावू नका." मी बसले, आणि थोड्या वेळानं त्यानंच माझ्या मांडीवर डोकं टेकवलं. बाईंनी स्पिरिटनं पुसलेला चिमटा कानात घातला तसं त्यानं माझं मनगट जबड्यात धरलं. सगळे दात कातडीला लागत होते. तो थरथरत होता, कण्हत होता, पण गवताचं रक्ताळलेलं कुसळ बाहेर येईपर्यंत त्यानं जबडा मिटला नाही. मनगटावर ओरखडासुद्धा उठला नाही. एवढ्या वेदनेत मला दुखू नये एवढं भान त्यानं कुठून आणलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.