आईला नाव पुकारून हवं होतं

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत तमाशा असतो. बायका तिथं बसत नाहीत. घरी राहून लाउडस्पीकरवर ऐकतात. गाण्यावर खूश होऊन कोणी नोटा उधळून बक्षीस दिलं, की गाणं थांबवून त्याचं नाव पुकारतात. गावातल्या पुरुषांची नावं आईनं अशी भाकरी थापता थापता आयुष्यभर ऐकली. मागच्या वर्षी मी या प्रथेविरुद्ध पत्रक काढलं. कलावंत बाईवर पैसे उधळणं हा तिचा अपमान आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. आजही माझं तेच मत आहे.

यंदा मिरचीचा तोडा संपल्यावर आईला एसटीनं पुण्याला नेलं. सकाळी संग्रहालय पाहिलं. तिथली तांब्याची भांडी तिला आपल्या घरच्या भांड्यांपेक्षा कळकट वाटली. दुपारी संगीत नाटक होतं, तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. नायिकेचं दुसरं गाणं रंगात आलं आणि आईनं पदराची गाठ सोडून नोट काढली.

"ह्ये दिऊन ये. नाव माझं सांग. तुज्या बापाचं न्हाय."

"आई, इथं तसं नसतं."

"हितं बाया बसत्यात की. मग नाव घ्यायला काय झालं?"

ती उठलीच. पुढच्या रांगेतले गृहस्थ मागं वळून म्हणाले, "आजी, हा तमाशा नाही."

मी उभी राहिले. "तमाशा कमी प्रतीचा असतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तू गप बस," आईनं माझा हात ओढला. "मानसं गानं ऐकाय आलीत."

नाटक संपल्यावर मी तिला रंगमंचामागं घेऊन गेले. नायिका दागिने उतरवत होती. तिनं वाकून नमस्कार केला, नोट घेतली नाही. "मावशी, नाव काय तुमचं?" आईनं सांगितलं. तिनं ते गोड आवाजात परत उच्चारलं.

"ब्येस घेतलंस," आई म्हणाली. "पर हितं ऐकलं कुनी?" आणि तिनं नोट पुन्हा पदरात बांधली.

परतीच्या एसटीत भिगवण मागं पडलं. तशी आई म्हणाली, "औंदा जत्रंत मी म्होरं बसनार हाय."

"माझं पत्रक वाचलंस ना?"

"वाचलं. मी उधळनार न्हाय, तिच्या हातात देनार. तुझं काय म्हननं हाय?"

जत्रेत तिच्याशेजारी बसायचं मी कबूल केलं.